डॉलरमध्ये बचत खातं खरंच उघडता येतं का? परदेशातल्या मुलांसाठी एनआरई, एनआरओ आणि एफसीएनआरचं गणित

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावातली बँक. मुलगा अमेरिकेत नोकरीला लागून वर्ष झालंय आणि वडील काउंटरवर उभे आहेत. संवाद साधारण असा होतो.

"साहेब, पोराचं डॉलरचं बचत खातं उघडायचंय."

"काका, डॉलरचं बचत खातं नसतं. एनआरई उघडा."

"म्हणजे डॉलरचंच ना?"

"तो डॉलर पाठवेल, पण खात्यात रुपयेच दिसतील."

"बरं. आणि टॅक्स?"

"टॅक्स फ्री."

वडील निर्धास्त होऊन घरी येतात. पण या संवादातले शेवटचे दोन शब्द अर्धेच खरे आहेत. उरलेलं अर्धं मुलगा ज्या देशात राहतो, त्या देशाच्या कायद्यात असतं. आणि तिथली चूक व्याजापेक्षा कितीतरी महाग पडू शकते.

हा विषय आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. परदेशातून पैसा येतो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केरळ आणि आखाती देश येतात. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात पहिला नंबर महाराष्ट्राचा होता, २०.५ टक्के. केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरं. आणि देशात सगळ्यात जास्त पैसा कुठून आला, तर अमेरिकेतून, २७.७ टक्के.

लोणी, संगमनेर, कोपरगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून शिकून बाहेर गेलेली मुलं याच चित्राचा भाग आहेत. त्यामुळे कोणतं खातं कशासाठी, ते कोणत्या चलनात असतं आणि कर कुठं भरायचा, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

विमानात बसला त्या दिवशी काय बदलतं?

परदेशी चलनाचे आपले व्यवहार फेमा या कायद्याखाली येतात. हा कायदा १९९९ चा, लागू झाला १ जून २००० पासून. त्याआधी १९७३ चा फेरा होता.

फेमानुसार नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूनं कुणी परदेशात गेलं, की तो गेल्या दिवसापासून अनिवासी ठरतो. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँकेनं २००३ पासून अनिवासी मानलं आहे.

इथं पहिला गोंधळ होतो. "वर्षात १८२ दिवस बाहेर राहिलो की एनआरआय" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण तो दिवसांचा हिशेब मुख्यतः प्राप्तिकराचा आहे. बँक खात्यासाठी फेमाची व्याख्या लागते. म्हणजे एकाच वर्षात तुम्ही करासाठी निवासी आणि बँकेसाठी अनिवासी असू शकता.

त्यामुळे कॉलेजात असताना उघडलेलं साधं बचत खातं परदेशात गेल्यावर तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावं लागतं. फेमा मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे. रक्कम मोजता येत नसेल, तर दोन लाखांपर्यंत. साधं खातं राहिलं म्हणून लगेच कुणी दारात येत नाही, हेही खरं. पण पुढं जमीन किंवा घर विकून पैसे परदेशात न्यायचे असले, की बँक सगळी जुनी कागदपत्रं बघते आणि गाडी तिथंच अडते.

चार खाती, चार कामं

एनआरई. हे रुपयातलं खातं. परदेशातली कमाई यात येते आणि आल्या क्षणी तिचे रुपये होतात. मुद्दल आणि व्याज, दोन्ही कधीही परत परदेशात नेता येतं. फेमानुसार अनिवासी असेपर्यंत व्याजावर भारतात कर नाही. बचत आणि मुदत ठेव, दोन्ही प्रकार मिळतात. मुदत ठेव किमान एक वर्षाची, त्याआधी मोडली तर व्याज नाही.

एनआरओ. हेही रुपयातलंच. पण हे भारतातल्या कमाईसाठी: घरभाडं, डिव्हिडंड, शेतीचं उत्पन्न, जमीन विकून आलेले पैसे. याच्या व्याजावर भारतात कर लागतो आणि बँक तो आधीच कापते. दर ३० टक्के, वर सेस धरून ३१.२ टक्के. उत्पन्न मोठं असेल तर अधिभार वेगळा. कर भरल्यावर एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते.

एफसीएनआर. हे खरं परदेशी चलनातलं खातं. डॉलर, पौंड, युरो अशा चलनात पैसे ठेवायचे आणि त्याच चलनात परत घ्यायचे. पण ही फक्त मुदत ठेव आहे, एक ते पाच वर्षांची. एटीएम कार्ड नाही, चेकबुक नाही. वर्षाच्या आत मोडली तर व्याज नाही. अनिवासींना व्याजावर भारतात कर नाही.

आरएफसी. हेही परदेशी चलनातलं आणि यात बचत खातंही असू शकतं. पण ते परदेशात राहून भारतात कायमचं परतलेल्यांसाठी आहे. जो अजून तिकडंच राहतोय, त्याला ते उघडता येत नाही.

आता सुरुवातीच्या वडिलांचा प्रश्न पुन्हा बघा. बचत खातं रुपयात मिळतं. डॉलरमध्ये मिळते ती मुदत ठेव. डॉलरचं बचत खातं मिळतं, पण परत आल्यावर. म्हणजे बँकवाल्या साहेबांचं पहिलं उत्तर त्यांच्या शाखेपुरतं बरोबर होतं.

मग डॉलरचं बचत खातं कुठंच नाही का?

आहे, दोन ठिकाणी.

पहिलं म्हणजे मुलगा राहतो त्याच देशात. हे ऐकायला साधं वाटतं, पण अनेकदा विसरलं जातं. अमेरिकेत पगार घेणाऱ्याचं डॉलरचं खातं तिथं असतंच. भारतीय बँकच हवी असेल, तर स्टेट बँकेची कॅलिफोर्नियात आणि ब्रिटनमध्ये स्वतंत्र उपकंपनी आहे, आयसीआयसीआयची ब्रिटनमध्ये आहे. नाव भारतीय असलं तरी या बँका त्या देशाच्या नियमांखाली चालतात आणि ठेवींचा विमाही तिथलाच असतो. अमेरिकेत हा विमा अडीच लाख डॉलरपर्यंत आहे.

दुसरं ठिकाण आपल्या शेजारच्या राज्यात आहे, गांधीनगरजवळची गिफ्ट सिटी. जागा भारतात असली तरी परदेशी चलनाच्या नियमांसाठी इथल्या बँक शाखा परदेशात असल्यासारख्या धरल्या जातात. या शाखांवर देखरेख ठेवणारं वेगळं प्राधिकरण २०२० मध्ये सुरू झालं. इथं अनिवासींना डॉलरमध्ये बचत खातं आणि कमी मुदतीच्या ठेवीही ठेवता येतात. त्या व्याजावर अनिवासींना भारतात कर लागत नाही.

पण एक गोष्ट जाहिरातीत ठळक अक्षरात दिसत नाही. गिफ्ट सिटीतल्या शाखांमधल्या ठेवींना भारतातला पाच लाखांचा ठेव विमा नाही. शिवाय किमान शिल्लक किती, व्याज किती, पैसे पाठवायचा खर्च किती, हे प्रत्येक बँकेत वेगळं असतं. खातं उघडण्याआधी हे चारही मुद्दे विचारून घ्यावेत.

रुपयात ठेवावं की डॉलरमध्ये?

हा प्रश्न आला की सगळे व्याजदर बघतात. एनआरई ठेवीचा दर साधारणपणे डॉलरच्या एफसीएनआरपेक्षा जास्त दिसतो, म्हणून एनआरई निवडतात. पण त्या जास्तीच्या व्याजाच्या बदल्यात रुपया घसरण्याची जोखीम आपण घेतलेली असते.

आकड्यांत बघू. हे दर फक्त उदाहरणासाठी आहेत.

समजा १०,००० डॉलर आहेत आणि डॉलरचा भाव ९० रुपये. एनआरई ठेवीत टाकले तर ९ लाख रुपये झाले. ७ टक्के दरानं, वर्षाला चक्रवाढ धरून, पाच वर्षांनी सुमारे १२ लाख ६२ हजार.

तेच १०,००० डॉलर एफसीएनआरमध्ये ४ टक्क्यांनी ठेवले, तर पाच वर्षांनी सुमारे १२,१६७ डॉलर.

पाच वर्षांनी डॉलर ९० रुपयांवरच राहिला, तर एनआरईचे १४,०२६ डॉलर होतील. एनआरई सरळ जिंकलं. डॉलर १०४ च्या आसपास गेला, तर दोन्ही जवळपास सारखे. ११० झाला, तर एनआरईचे ११,४७५ डॉलरच हातात येतील आणि एफसीएनआर पुढं असेल.

म्हणजे खरा प्रश्न असा आहे: हा पैसा शेवटी कुठं खर्च होणार? गावाकडं घर बांधायचंय, आईच्या उपचारांना लागणारेत, तर खर्च रुपयातच आहे. मग रुपया घसरला म्हणून घाबरायचं कारण कमी. पण तिकडं घराचं डाउन पेमेंट भरायचंय किंवा शिक्षणाचं डॉलरमधलं कर्ज फेडायचंय, तर त्या पैशाचे रुपये करणं म्हणजे सट्टा लावणं आहे.

रुपया किती हलू शकतो, याचा अंदाज हवा असेल तर एवढं बघा. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पुढं गेला तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. २०२४ च्या अखेरीला तो ८५ च्या पुढं होता.

ही जोखीम आधी कोण घ्यायचं?

यामागं एक इतिहास आहे. एनआरई खाती १९७० मध्ये आली आणि परदेशी चलनातली ठेव १९७५ मध्ये. तेलाचे भाव भडकले होते, आखातात कामगार जात होते आणि देशाला डॉलर हवे होते. त्या पहिल्या योजनेत रुपया घसरला तर होणारा तोटा रिझर्व्ह बँक सोसायची.

१९९०-९१ मध्ये आखाती युद्ध झालं, देशात राजकीय अस्थिरता होती आणि अनिवासींनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. परकीय गंगाजळी तळाला गेली. शेवटी जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जवळपास ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवावं लागलं. सोनं गहाण ठेवल्याची आठवण घरातली मोठी माणसं आजही काढतात, ती हीच.

त्यानंतर जुनी योजना गुंडाळली गेली आणि १९९३ मध्ये आजची एफसीएनआर योजना आली. चलनाची जोखीम आता बँकेनं स्वतः सांभाळायची असते. २०१३ च्या संकटात रघुराम राजन गव्हर्नर झाल्यावर रिझर्व्ह बँकेनं बँकांना या ठेवींसाठी स्वस्तात जोखीम झाकण्याची सोय दिली, तेव्हा काही आठवड्यांत या मार्गानं सुमारे २६ अब्ज डॉलर आले.

देश अडचणीत आला की अनिवासींच्या ठेवी आठवतात, त्या या कारणामुळं. व्याजावर भारतात कर नाही ही सवलतही त्याच गरजेतून आलेली आहे. पण ती सवलत भारतानं दिलेली आहे. दुसऱ्या देशावर ती बंधनकारक नाही.

टॅक्स फ्री, पण कुठं?

इथंच बँकेच्या काउंटरवरचं उत्तर तोकडं पडतं.

अमेरिका. तिथला नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा करासाठी निवासी ठरलेल्या माणसाला जगभरातल्या उत्पन्नावर कर भरावा लागतो. एच-१बी वर नोकरी करणारे बहुतेक जण यात येतात. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं, तरी तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षीचं व्याज ६३,००० रुपये, म्हणजे ७०० डॉलर. कराचा टप्पा २२ टक्के असेल तर १५४ डॉलर कर. ७ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात साडेपाच टक्क्यांच्या आत आला. राज्याचा कर असेल तर तो वेगळा.

ब्रिटन. तिथंही निवासी माणसाला जगभरातल्या उत्पन्नावर कर आहे. एप्रिल २०२५ पासून नव्यानं आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मिळू शकते, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार. इथं पगारावर किंवा व्याजावर वैयक्तिक प्राप्तिकर नाही. त्यामुळे दुबईतल्या मामाला एनआरईचं व्याज दोन्हीकडं करमुक्त पडतं. घोळ असा होतो, की मामाचा सल्ला न्यू जर्सीतला भाचा जसाच्या तसा ऐकतो.

एनआरओच्या बाबतीत भारतानं कर कापलेला असतो, मग दोनदा भरायचा का? नाही. भारताचे अनेक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. अमेरिका आणि ब्रिटनशी असलेल्या करारात अशा व्याजावर भारताचा दर १५ टक्क्यांवर थांबतो, जर्मनीशी १० टक्के. त्यासाठी राहत्या देशाच्या कर खात्याकडून रहिवासाचं प्रमाणपत्र आणून बँकेला द्यावं लागतं. हे दिलं नाही तर बँक ३१.२ टक्के कापते. ६३,००० च्या व्याजावर हा फरक १९,६५६ विरुद्ध ९,४५० रुपयांचा आहे. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट तिकडच्या रिटर्नमध्ये मागता येतं, पण करारात ठरलेल्या दरापुरतंच. जास्तीचा कापलेला कर भारतात रिटर्न भरून परत मागावा लागतो.

वडिलांच्या एफडीवर मुलाचं नाव

सगळ्यात जास्त घरांमध्ये असणारी आणि सगळ्यात कमी माहिती असलेली गोष्ट ही.

निवृत्त शिक्षक, फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एफडीत, आणि "उद्या काही झालं तर" म्हणून मुलाचं नाव जोडलेलं. भावना चुकीची नाही. रिझर्व्ह बँकही वडिलांच्या खात्यात अनिवासी मुलाचं नाव जवळचा नातेवाईक म्हणून जोडू देते. अट एवढीच, की त्या खात्यात मुलाचा स्वतःचा पैसा येता कामा नये.

पण अमेरिकेचा नियम वेगळा आहे. तिथं करासाठी निवासी असलेल्या माणसाची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर शिल्लक गेली, तर एफबार नावाचा अहवाल भरावा लागतो. १०,००० डॉलर म्हणजे ९० च्या भावानं ९ लाख रुपये. आणि यात संयुक्त खात्यातली पूर्ण रक्कम धरली जाते, निम्मी नाही. नुसता सहीचा अधिकार असला तरी ते खातं मोजलं जातं.

म्हणजे राहुरीतल्या शिक्षकाची २० लाखांची एफडी मुलाच्या अमेरिकेतल्या अहवालात यायला हवी, त्यातला एक रुपयाही त्यानं कमावलेला नसताना.

एफबार हा कर नाही, फक्त माहिती आहे. भरायला पैसे लागत नाहीत, ऑनलाइन होतो. मुदत १५ एप्रिल, आणि ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. पण भरला नाही तर, हेतू वाईट नसतानाही, कायद्यातला मूळ दंड १०,००० डॉलरपर्यंत आहे आणि महागाईनुसार तो वाढत जातो. हा दंड प्रत्येक खात्यामागं लावायचा की प्रत्येक अहवालामागं, हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०२३ मध्ये बिटनर खटल्यात न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं: प्रत्येक अहवालामागं.

रक्कम मोठी असेल तर रिटर्नसोबत आणखी एक फॉर्म लागतो, ८९३८. अमेरिकेत राहणाऱ्या अविवाहित माणसासाठी त्याची मर्यादा वर्षाच्या शेवटी ५०,००० डॉलर किंवा वर्षात कधीही ७५,००० डॉलर अशी आहे.

एक दिलासा. विद्यार्थी व्हिसावरचे बहुतेक जण पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी निवासी धरले जात नाहीत, त्यामुळे त्यांना हे सहसा लागू होत नाही. नोकरीचा व्हिसा मिळाला की मात्र चित्र बदलतं.

"त्यांना कळणारे कसं?" हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. उत्तर सोपं आहे. भारत आणि अमेरिकेनं जुलै २०१५ मध्ये फाटका करारावर सह्या केल्या. बँकेत केवायसी करताना "तुम्ही दुसऱ्या कोणत्या देशाचे कर रहिवासी आहात का?" असा जो रकाना असतो, तो यासाठीच. अमेरिकेबाहेरच्या अनेक देशांशी भारत २०१७ पासून अशीच माहिती देतो-घेतो.

आधीच्या वर्षांचं राहून गेलं असेल, तर गुपचूप खातं बंद करणं हा उपाय नाही. अजाणतेपणी चूक झालेल्यांसाठी अमेरिकेच्या कर खात्याच्या वेगळ्या वाटा आहेत. त्यासाठी दोन्ही देशांचे कायदे माहीत असलेला सल्लागार गाठावा.

उसाचं बिल कुठल्या खात्यात?

अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं मिळालेली ठेवता येते. त्यामुळे सातबारावर नाव असलेला मुलगा शिकागोत आणि ऊस प्रवरेच्या पट्ट्यात, असं असू शकतं. त्याच्या वाट्याचं उसाचं बिल एनआरओमध्ये जायला हवं. ते एनआरईमध्ये जमा करता येत नाही.

शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त. अमेरिकेत मात्र तेही जगभरातल्या उत्पन्नात धरलं जातं. आणि भारतात कर भरलेलाच नसल्यामुळे क्रेडिटही मिळत नाही.

जमीन विकून किंवा रस्त्याला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातून मोठी रक्कम आली, तर तीही एनआरओमध्येच. बाहेर नेताना सीएचं प्रमाणपत्र आणि पैसा कुठून आला याची कागदपत्रं लागतात. म्हणून खरेदीखत, वारस नोंदीचा फेरफार आणि मोबदल्याची पावती आधीच जपून ठेवलेली बरी.

बँक कोणती निवडायची?

नगरकरांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायची गरज नाही. १९१० साली सुरू झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण पैसे मिळू शकतील, असं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. उरलेले होते ते पाच लाखांच्या वर ठेवी असलेले.

हा पाच लाखांचा विमा एनआरई, एनआरओ आणि एफसीएनआरलाही लागू आहे. पण प्रत्येक खात्याला वेगळा नाही. एकाच माणसाची एकाच बँकेतली सगळी खाती, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याजासह पाच लाख. १०,००० डॉलरच्या एका ठेवीतच ही मर्यादा ओलांडली जाते.

दुसरी गोष्ट. पतसंस्थेत अशी खाती उघडता येत नाहीत आणि तिथल्या ठेवींना हा विमाही नाही. सहकारी बँकांना अनिवासींची खाती ठेवायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते. ओळखीचे मॅनेजर आहेत म्हणून सुरुवात करण्याआधी ती आहे का, ते विचारा.

परत आल्यावर

कायमचं परत यायचं ठरलं की घड्याळ पुन्हा सुरू होतं. एनआरई खातं निवासी खात्यात किंवा आरएफसीमध्ये बदलून घ्यावं लागतं आणि एनआरईच्या व्याजावरची सवलत संपते. एफसीएनआर ठेव मात्र मुदत संपेपर्यंत चालू राहू शकते.

बरीच वर्षं बाहेर राहिलेल्यांना परतल्यावर काही काळ "निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला" असा दर्जा मिळतो. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल, तर. या काळात एफसीएनआर आणि आरएफसीच्या व्याजावर भारतात कर लागत नाही. म्हणून परतायच्या आधीच्या वर्षी एनआरईमधला किती पैसा डॉलरमध्येच ठेवायचा, हे ठरवणं फायद्याचं असतं.

थोडक्यात काय करायचं?

- परदेशात गेल्यावर जुनं बचत खातं एनआरओ करून घ्या.
- घरी पाठवायचा आणि भारतात खर्च होणारा पैसा एनआरईमध्ये.
- पुढं डॉलरमध्येच लागणारा, पण वर्षभर तरी नको असलेला पैसा एफसीएनआरमध्ये.
- कधीही काढता येईल असं डॉलरचं बचत खातंच हवं असेल, तर राहत्या देशातली बँक किंवा गिफ्ट सिटी. विमा कुठला, ते आधी विचारा.
- आई-वडिलांना व्यवहार करायचे असतील, तर खात्यावर मँडेट द्या. अनिवासीच्या खात्यात निवासी नातेवाईक जोडता येतो, पण खातं चालवायचा पहिला हक्क अनिवासीचाच.
- आई-वडिलांच्या एफडीवर नुसतं वारस म्हणून नाव हवं असेल, तर संयुक्त नाव जोडण्याऐवजी नॉमिनेशन पुरेसं आहे का, ते बघा.

आणि पुढच्या वेळी काउंटरवर कुणी "टॅक्स फ्री" म्हटलं, तर वडिलांनी एकच विचारावं: "साहेब, इथं की तिथं?" इथलं उत्तर साहेब देतील. तिथलं उत्तर मुलानं रिटर्न भरायच्या आधी शोधायचं आहे.